मापाच्या सोळा वह्या

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, धंदा शिवणकाम, शिक्षण चौथीपर्यंत आणि त्यातलेही शेवटचे दोन महिने गोवरात बुडालेले, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. सुईत दोरा अजून पहिल्या खेपेला जातो, शंका असेल त्याने येऊन बघावं. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. मी घाबरलेली मात्र आहे. वकीलबाई म्हणाल्या, घाबरलेल्या माणसाचंही मृत्युपत्र चालतं.

एक. खालची शिवणाची खोली आणि वरच्या दोन खोल्या मुलाला आणि सुनेला, दोघांना सारख्या. सुनेचं नाव आधी लिहावं. गळतं छप्पर तिने उन्हात उभं राहून दुरुस्त करून घेतलं, तो नुसता "बघू" म्हणत होता. बँकेत जे असेल तेही दोघांचं.

दोन. पायाचं मशीन नातीला. तिला शिवता येत नाही. तिने बटण लावलं की शर्ट एका बाजूला रुसून बसतो. पण लहानपणी ती मशीनखाली बसून गाडी चालवायची आणि मला विचारायची, "आजी, कुठे उतरणार?" आठवलं की अजून हसू येतं. मशीनवर तिने कुंडी ठेवली तरी चालेल.

तीन. मोठी कात्री सुनेला. दिरांना नाही. त्यांनी एकदा न विचारता त्या कात्रीने पुठ्ठा कापला आणि वर मलाच म्हणाले, "वहिनी, कात्री कापायलाच असते ना?" असते, भावोजी, पण कापडाला. कागदाला लावली की धार जाते, आणि बघून कळत नाही. पुढचं कापड कुरतडलं की मग कळतं. तीस वर्षं झाली, मी विसरलेली नाही.

चार. वह्या. यासाठीच लिहायला बसले.

लोखंडी पेटीत मापांच्या सोळा वह्या आहेत. चाळीस वर्षांतल्या गल्लीतल्या बहुतेक बायकांची मापं त्यात आहेत. नावं लिहायला मला वेळ लागायचा, म्हणून मी खुणा काढायचे: छत्री, चिमणी, किल्ली. नात शिकते त्या संस्थेतल्या डॉक्टरबाई घरी आल्या. फार गोड बोलल्या. त्यांच्या कोटाची उजवी बाही अर्धा इंच लांब होती, तेवढं सोडलं तर बाई व्यवस्थित. म्हणाल्या, "आजी, बायकांची शरीरं चाळीस वर्षांत कशी बदलली, याचा अभ्यास होईल. आणि यात नावंच नाहीत, उत्तमच झालं."

त्यांनी दिलेला कागद नातीने वाचून दाखवला. अभ्यासासाठी, आणि "अन्य योग्य कारणांसाठी". मी विचारलं, अन्य म्हणजे कोणती? योग्य हे कोण ठरवणार? डॉक्टरबाई म्हणाल्या, "ते पुढे ठरेल." मी सही न करता कागद परत दिला.

कारण एक वही मी पूर्वी दिली होती. गणवेश शिवून घेणारा ठेकेदार म्हणाला, "मावशी, कुठल्या मापाचे किती लागतील, तेवढा अंदाज घेतो." दोन दिवसांत परत आणली, एक पानही फाटलेलं नव्हतं. पण त्याच्या घरी कुणीतरी ती चाळली होती. एका खुणेखाली मी लिहिलं होतं, उजवा खांदा पाऊण इंच उतरता, डाव्या छातीला आतून कापसाची भर. उतरत्या खांद्यावरून बाई ओळखली गेली. तिचं ऑपरेशन तिने कामावर कळू दिलं नव्हतं. आठवड्यात सगळ्यांना कळलं. घर सोडून जाताना ती माझ्याकडे शिवायला टाकलेला कोट न्यायला आली आणि म्हणाली, "तुम्ही हात वर करा म्हणालात, मी केले. कोटासाठी केले, मावशी." (यातल्या दोन गोष्टी मी मुद्दाम बदलल्या आहेत. ओळखायला जाऊ नका.)

नातीला हे सांगितलं तर म्हणाली, "आजी, आता तसं होत नाही. कुणी ओळखणार नाही."

"तू ओळख बघू," म्हणून मी एक पान उघडलं आणि खुणेवर अंगठा ठेवला. ती हसत हसत वाचू लागली, कंबर, खांदा, तारखा. एका तारखेवर बोट थांबलं. मिनिटही लागलं नाही. "आजी, हे खरं?" मी वही मिटली. ती बाई कोण, ते इथे लिहिणार नाही. मृत्युपत्र चारचौघांत वाचतात.

नातीला पटलं. मला आधी बरं वाटलं, मी जिंकले म्हणून. मग लक्षात आलं. त्या बाईला न विचारता मी तिचं पान माझं म्हणणं पटवायला वापरलं. ठेकेदाराने याहून वेगळं काय केलं होतं?

मी त्या बाईला गाठून सांगितलं आणि पान दिलं. तिने घडी करून खिशात ठेवलं. "तुमच्याकडून नव्हतं वाटलं," एवढंच म्हणाली.

पाच. आता मी दारोदार जाऊन पानं परत देते आहे. सात वह्या झाल्या. ज्यांना डॉक्टरबाईंना द्यायचं त्या स्वतः देतील. पाववाल्या बाई म्हणाल्या, "द्या हो, माझी कंबर कुणाच्या तरी कामाला येऊ दे." माझं स्वतःचं पान मी दिलं, नावासकट. तिथे लपवण्यासारखं पोटच आहे, ते सगळ्यांना दिसतंच.

पण नऊ वह्या उरल्या आहेत आणि जिने चढताना दम लागतो. मी गेल्यावर मुलगा कागदावर सही करील ही भीती आहे. तो दारात येईल त्याला सही देतो. म्हणून लिहून ठेवते: या वह्यांवर माझ्या वारसांचा हक्क नाही. कारण त्यांवर माझाही नव्हता.

उरलेल्या वह्यांची शिवण उसवावी. मी एकाच बाजूला लिहिते, तेव्हा पानं पालथी ठेवावीत आणि न वाचता बारीक कापावीत. कापायचं काम मुलाने करावं, म्हणजे हात गुंतलेला राहील. मोठ्या कात्रीने कापावं. हो, त्याच. धार जाईल, सूनबाईने कुरकुर करू नये.

ठिकाण: शिवणाची खोली, खिडकीजवळ
तारीख: १४ नोव्हेंबर

सही (आणि माझी खूण: अंगुस्तान, शिवताना बोटात घालायची टोपी)

साक्षीदार, आमच्यासमोर सही केली, वह्या आम्हाला दाखवल्या नाहीत:
१. औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई
२. निवृत्त पोस्टमन, समोरचं घर