उजवा कौल

डिंडोली, सुरत
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय अक्काला धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे मजेत. भावजींच्या गुडघ्याचं कळव.

अगं, आपल्या सोनूचं लग्न जमलं! तुझा फोन आल्यापासून मी घरभर नाचतेय. हे म्हणतात, बस जरा, लेस लावायच्या साड्या पडल्यात. कुठली बसते मी? आणि माझं अक्षर बघ. गणपतीत मुंगीएवढं यायचं, हात थरथरायचा. आता सुईत दोरा एका दमात ओवते. सोनूचं नवरीचं ब्लाऊज मीच शिवणार, माप पाठव.

फोनवर तू आणखी एक बोललीस. लग्न माझ्यामुळे जमलं म्हणून मांडवात मला पाटावर बसवून पाय धुणार. मी हो-हो करून फोन ठेवला. तू आता मला 'माय' म्हणतेस, मग माझी जीभच उचलत नाही. म्हणून लिहितेय.

श्रावणात तू आमच्याकडे कानबाई देवीच्या सणाला आलीस, तेव्हा बोळवणीच्या आरतीला माझी मान उजवीकडे ओढली गेली, डोळे वर गेले, दातखीळ बसली. अंगात देवी आली म्हणत बायांनी मला कुंकू लावलं. तू पायाशी वाकून विचारलंस, "माय, मनी सोनूनं लगीन जमी का?" मान उजवीकडेच होती, तो तू उजवा कौल, देवीचा होकार धरलास. मला सगळं ऐकू येत होतं, अक्का. मान सोडवा, एवढंच म्हणायचं होतं. डोळ्यांतून पाणी आलं, ते तू पदरानं टिपून सोनूच्या कपाळाला लावलंस.

ती देवी नव्हती गं. माझ्या कानातल्या आवाजांवरची गोळी वाढवली होती, तिनं ते झालं. तू कानबाई बोळवून गाडीला गेलीस आणि यांनी मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी सुई दिली, घटकाभरात मान सरळ. थरथर मात्र राहिली. मग त्यांनी औषध बदललं. आता थरथर नाही, आवाजही नाहीत.

तू म्हणतेस, गोळ्या सोड, देवी रुसेल. शेजारच्या मालतीबाईही तेच म्हणतात, ओटी घेऊन दारात येतात. सोडल्या तर आवाज परत येतील, आणि ते मला सोनूच्या लग्नात हसूसुद्धा देणार नाहीत. मी गोळ्या सोडणार नाही. लग्न तुझ्या धावपळीनं जमलंय, कौलानं नाही.

पाट नवरीला ठेव. मला हळद लावायची आहे, विहिणीची थट्टा करायची आहे, मावशी म्हणून मिरवायचंय. पाया मीच पडेन, मोठी तू आहेस. आणि दारात मला बघितलंस की आधीसारखी हाक मार.

तुझी,
रंजी