मुठीतलं लिंबू

पुणे, दवाखान्यातून

माय, तुझ्या लेकीचा इथूनच पाया पडून नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत न्हाई, म्हणून लिहून राहिले. दादा वाचून दाखवील.

तुझ्या नातीच्या, नंदूच्या तिरळ्या डोळ्याचं ऑपरेशन बराबर झालं. काळजी करू नको. या ऑपरेशननंतर लेकरं लई उलट्या करतात म्हणे. भुलीच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच विचारलं, "घरात कोणाला गाडी लागते का?" म्हणलं, मला लागते, माझ्या मायला लागते, वसमतच्या एसटीत आमी दोघी खिडकी सोडत न्हाई. त्या हसल्या न्हाईत. भूल देतानाच उलटीवरचं औषधबी सुईतून दिलं. पोरीला एकबी उलटी झाली न्हाई. आता चमच्या-चमच्यानं पाणी पिऊन राहिली, अन् तुझ्या हातचं धपाटं मागून राहिली.

तुझ्या जावयाची हळद शिजवून झाली का? झाली की त्यांना लगेच इकडं धाड. तुझे गुडघे कसे हायेत?

तू वासाला दिलेलं लिंबू नंदूला लागलंच न्हाई, माझ्याच मुठीत हाय. तिला आत नेलं तवा मलाच उलटी झाली. भवताली लई माणसं होती, माय. कपाळ धरायला कोणी नव्हतं.

तुझीच,
शिवकन्या