ब्रुनाची घंटा काचेत

चिरंजीव गाउडेंझ,

आशीर्वाद आहेत, मी रागावले तरी ते कमी होत नाहीत. तब्येत कशी म्हणून विचारत नाही. गुडघा बरा असल्याचं तू परवा टीव्हीवर अख्ख्या देशाला सांगितलंस, त्यात मलाही कळलं. मी ठणठणीत आहे. रागात मला भूक चांगली लागते. (तुझी आई हे लिहिताना तोंडातल्या तोंडात हसते आहे. लिही गं, हेही लिही.)

तर, शनिवारी गुरं डोंगरावरून खाली उतरायची आहेत आणि ब्रुनाच्या गळ्यात घंटा नाही. तुझ्या त्या चाहता मंडळाचा अध्यक्ष, खानावळवाला बाल्झर, गुरं गोठ्यात बांधली की दर हिवाळ्यात ती मागून न्यायचा. तू स्कीवर उतारावरून सुसाट सुटायचास आणि ही माणसं खाली उभी राहून आमच्या गाईची घंटा बडवायची. वसंतात परत आणायचा, एवढं खरं. पण यंदा तू स्कीच्या शर्यती सोडल्यास, आणि त्याने ती खानावळीत काचेच्या पेटीत टांगली! मी पाहायला गेले, तर काचेवर काहीतरी लिहिलेलं. मला कुठलं वाचता येतंय. तुझ्या आईने वाचलं, ‘हात लावू नये.’ माझ्या सासूच्या घंटेला मी हात लावू नये! जूनमध्ये वर जाताना दुसरी बांधली, तर ब्रुना वळणावर फतकल मारून बसली. मीठ चाटवत चाटवत न्यावी लागली बाईसाहेबांना.

तुझ्या लोकप्रियतेने मला काय दिलं ते ऐक. चीजच्या वेष्टनावर तू, बसच्या पाठीवर तू. परवा एक बाई आमच्या लाकडांच्या ढिगातलं लाकूड आठवण म्हणून घेऊन गेली. (ते तू फोडलेलंही नव्हतं. तू शेवटचं लाकूड कधी फोडलंस?) आणि शेवटच्या शर्यतीत आजोबांचा भरतकामाचा कोट घालून उतरलास, दर झेंड्यापाशी थांबून लोकांच्या गळ्यात पडलास. लोक रडले. मीही रडले, पण कोटासाठी. अरे, तो गुरं उतरताना त्यांच्या पुढे चालणाऱ्याने घालायचा कोट! आजोबांनी त्यावर कधी शिंतोडा उडू दिला नाही, आणि तू त्याला शॅम्पेनने आंघोळ घातलीस.

आता कळस ऐक. बाल्झर म्हणतो, “आजी, काळजी कशाला? यंदा गुरांच्या पुढे गाउडेंझचा पुठ्ठ्याचा पुतळा चाकांवर ठेवून नेऊ. लोकांना तेवढंच हवंय.” मी म्हटलं, “बाल्झर, ब्रुनाला पुठ्ठा आवडतो. ती खाते.”

इतकी वर्षं शरद ऋतूत गुरं उतरायची, तेव्हा नेमका तुझा हिमनदीवर सराव. बरं, तो संपला. आता दुसरी पोरं का पडतात ते टीव्हीवर समजावून सांगतोस. (त्याच वळणावर तूही पडला होतास, मला आठवतं.) तेव्हा बाल्झरला फोन कर आणि घंटा सोडव.

तुझ्यावर मनापासून चिडलेली,
आजी

ता. क. फोन करू नकोस. काल बाल्झर जेवायला बसला होता, तेव्हा मी आणि तुझी आई गेलो आणि घंटा घेऊन आलो. पिठाच्या डब्यात आहे. मंडळाचे लोक गावभर शोधताहेत. मीही त्यांच्याबरोबर थोडी शोधली.

आणखी एक. कोट शनिवारी सकाळी इथे हवा. टपालाने पाठवू नकोस. अंगात घालून आण.