माझ्या आवाजातला फवारा

१२ सप्टेंबर २०१७

विसरला ना, कागदा? परवा एवढं सांगितलं, अन् आज पुन्हा कोरा! मला एक अक्षर येत नाही, तरी माझ्या लग्नाच्या पंगतीतून कोण रुसून उठलं होतं ते अजून तोंडपाठ. तुझ्या अंगभर अक्षरं, पण डोक्यात काही राहत नाही. तर पुन्हा ऐक. मी कलाबाई. लिहून राह्यली ती माझी नात रेणुका. मी वऱ्हाडीत बोलते, ती शाळेच्या मराठीत उतरवते. उतरव बाई, पण माझे टोमणे गाळू नको.

गाळत नाही म्हणते. मान खाली घालून म्हणते. बघू.

पुण्याहून कॉम्प्युटर घेऊन आली आहे. तिची कंपनी मोताळ्याकडच्या गावांत कपाशीवाल्यांना रोज सकाळी फोन करणार — आज फवारायचं की थांबायचं. माणूस नाही, यंत्र फोन करणार! ते यंत्र ही ओसरीत बसून बांधते. विटा नाही, माती नाही.

"जावात बांधते मी, आजी."

म्हटलं, जावांत राहून मीही उमर काढली, बांधून काही झालं नाही — भिंतच पडली मधी. खूप हसली. मग समजावलं — जावा म्हणजे कॉम्प्युटरची भाषा. एकच मोठा प्रोग्राम नाही म्हणे, सुटे तुकडे आहेत. एक शेतातल्या सापळ्यात सापडलेल्या अळीच्या पतंगांची खबर घेतो. दुसरा ठरवतो, फवारा की थांबा. तिसरा फोनवर बोलतो. प्रत्येकानं आधीच सांगून ठेवायचं — मी काय देतो, मला कोणाकडून काय लागतं. बाकीचे चालू ठेवून मधलाच काढता येतो, नवा बसवता येतो.

"म्हणजे चालत्या गाडीचं चाक बदलतेस म्हण की!"

"हाव आजी, तसंच."

मला ते आवडलं नाही.

१४ सप्टेंबर

फोनवर आधी पुण्याच्या बाईचा गोड आवाज होता. धम्मदीप म्हणाला, "हे बँकेतली बाई वाटते. हिचं कोन ऐकंन?" धम्मदीप म्हणजे रेणुकाचा थोरला भाऊ, आमचं शेत तोच पाहतो. म्हणून आता माझा आवाज!

कोंबड्यांचा कलकलाट येऊ नये म्हणून मला गोधडीखाली बसवलं. बोलायची वाक्यं दोनच. "आज फवारा मारा हो, तोंडाले फडकं बांधा." अन् "आज थांबा हो बाप्पा." एवढ्यासाठी अर्धा दिवस! आजी, दरडावू नको. आजी, हसू नको. आजी, खोकू नको. घामानं भिजले. आता ह्या दोन वाक्यांतलं कुठलं कधी वाजवायचं ते तो ठरवणारा तुकडा ठरवणार. माझ्या तोंडावर माझा हुकूम नाही.

१८ सप्टेंबर

शेजारची मुबीना आली होती, बांगडीवाली. "दादी, तुमचा फोन आला का आमचे फारुखमियां टुणकन उठून शेतात. माह्या हाकेले तं हूं बी म्हणत नाहीत!"

गावोगाव माझा वट वाढला आहे. रेणुका, हे ठळक लिही.

२१ सप्टेंबर

शेतात गेले होते. पराटी धम्मदीपच्या डोक्याच्या वर गेली आहे. कपाशीचं झाड एवढं उंच मी पाहिलं नव्हतं. आत शिरलं की माणूस दिसत नाही, नुसती फांद्यांची सळसळ. अळी लागणार नाही म्हणून हे महागाचं बियाणं आणलं. बोंड फोडून पाहिलं तर आत गुलाबी अळी, मजेत बसलेली!

झाड उंच, म्हणून फवाऱ्याची नळी वर धरावी लागते. मग औषध खाली तोंडावरच उतरतं. फडकं बांधतो अन् थोड्या वेळानं ओढून काढतो. "दम कोंडते, आजी." त्याच्या सदऱ्याचा वास धुतला तरी जात नाही.

रानडुकरांच्या राखणीला तो आता शेतातच राहतो. मला ते बरं वाटत नाही.

२४ सप्टेंबर

यवतमाळकडून वाईट खबर. फवारता फवारता माणसं पडून राह्यलीत. काहींचे डोळे गेले. काही घरी आलेच नाहीत.

रेणुका जेवली नाही. दिवसभर खटखट खटखट. ठरवणारा तुकडाच नवा बांधला — पतंग कितीही सापडोत, पराटी डोक्याच्या वर असेल तर थांबाच सांगायचं. पुन्हा मला गोधडीखाली घातलं. "पराटी उंच झाली असंन तं फवारू नका हो. थांबा." ह्या वेळी दरडावले तरी काही बोलली नाही.

आपल्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिलं. थांबा! पुन्हा चालवलं. थांबा! मग फोन करणाऱ्या मोठ्या मशीनमधला जुना तुकडा काढून हा बसवला. पडद्यावर नव्याचं नाव दाखवलं मला. "हे बघ आजी, चालू आहे." मला काय दिसणार? ती हसली म्हणून मी हसले. भाकरी खाल्ली मग तिनं.

२६ सप्टेंबर

सकाळी अंगण झाडताना मुबीनाच्या भिंतीपलीकडून माझाच आवाज ऐकला. "आज फवारा मारा हो..." झाडू हातातच राहिला.

रेणुकाला सांगितलं. तिनं लगेच पाहिलं. "भास झाला तुला, आजी. नवाच चालू आहे." आपल्याकडे पुन्हा सगळं चालवून दाखवलं — थांबा.

म्हातारीच्या कानांवर कोणी भरवसा ठेवत नाही. मीही नाही ठेवला. मुबीना चार पावलांवर, तिला विचारायलाही गेले नाही.

२८ सप्टेंबर

जेवण घेऊन शेतात गेले. पराटीत सळसळ. वास.

"धम्मदीप! अरे थांब! थांब म्हणून सांगतलं ना मी!"

बाहेर आला तो. पंप पाठीवर, फडकं गळ्यात. "तूच तं सांगतलं सकाळी फोनवर — आज फवारा मारा हो. अन् आता काऊन बोंबलून राह्यली?" हसला. तोंडातून लाळ गळत होती, त्याला कळत नव्हतं. डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी झालेली.

"आजी... दोन काऊन आल्या तुम्ही?"

मग खाली बसला. मग आडवाच झाला.

फारुखमियांनी जीप आणली. मी बुलढाण्याला दवाखान्यात आहे. हे फोनवरून सांगते, रेणुका घरी उतरवते. तिला सांगितलं, तू येऊ नको. तू आधी माझं तोंड बंद कर.

२९ सप्टेंबर

तिला सापडलं. फोनवर सांगितलं तिनं. नवा तुकडा बसला होता, चालूही होता. पण बोलणाऱ्या तुकड्यानं जुन्याचा हात सोडलाच नव्हता. जुना काढला तरी धरलेलं धरूनच, विचारायचं त्यालाच. त्याला एकदा सोडवून नव्याशी जोडून द्यावं लागतं. ते राहून गेलं. घरच्या कॉम्प्युटरवर दर वेळी सगळे तुकडे पहिल्यापासून उभे राहतात, म्हणून तिथं थांबा. मोठी मशीन एकदाही बंद झाली नव्हती, म्हणून गावोगाव — मारा.

तिनं काल सगळंच बंद केलं. पण तोवर कालचा फोन गेला होता. परवाचाही. त्याआधीचाही. माझ्या आवाजात.

"आजी, मी केलं हे." लिही तसं. अन् पुढं लिही — आजीनं ऐकलं होतं अन् पुन्हा झाडत राहिली.

धम्मदीप बडबडतो आहे. हात बांधून ठेवले आहेत. डॉक्टर नुसतं "बघू" म्हणतात.

३० सप्टेंबर, दसरा

धम्मदीपनं ओळखलं मला. एकच दिसली म्हणे. "पाणी पी, बाप्पा," म्हटलं मी जरा मोठ्यानं. तर पलीकडच्या खाटेवरच्या माणसानं मान वळवली. मग त्याच्या पलीकडच्यानं. मग खाली जमिनीवर निजवलेल्यांनी. डोळ्यांवर पट्ट्या, तरी तोंडं माझ्याकडे. एकजण हात पुढं करून चाचपत म्हणाला, "फोनवाली आजी व्हय? आज मारू का थांबू?"

रेणुका, मुगाची खिचडी पाठवजो. पातळ, बिनमिरचीची. डबा नको भरू. बुद्धविहारातलं मोठं पातेलं मागून घे.