दाराची जुनी काच

ताई,

फॅब्रिकेटर दहा वाजता मापं घ्यायला येईल. मला लवकर निघावं लागतंय. काल तुझ्यावर उगाच आवाज चढवला, मनात ठेवू नकोस.

आईच्या झाडांच्या काचघराला आता तू म्हणतेस तसं पॉलिकार्बोनेटचं प्लास्टिकच घालू. गारांनी दोनदा काचा फुटल्या, त्या उचलताना तुझ्या हाताला पडलेले टाके अजून निघाले नाहीत. पण आज सकाळी त्या नमुन्याच्या तुकड्यावर किल्ली वाजवून बघितली. नुसतं ठक्क! आई अंगठीनं काच वाजवायची, तेव्हा आपण गल्लीच्या टोकावरून पळत यायचो.

दाराची काच शाबूत आहे. त्याला म्हणावं, तेवढी तशीच ठेव. वेडेपणा म्हण हवं तर.

संध्याकाळी मी फाटकाशी थांबेन. तू एकदा वाजव, म्हणजे आत येतो.