तीनशे पाच कार्डे आणि एक अट

मी, जगन्नाथ सदाशिव मेस्त्री, वय चोपन्न, मूळ गाव कुडाळ, हल्ली मुक्काम करामा, दुबई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कुठे खाडाखोड झालीच तर शेजारी माझी सही असेल. सही नसलेली खाडाखोड माझी समजू नये.

वकील लोक आधी घरदार आणि बँकेची पुस्तके लिहितात. मी आधी हातांनी केलेल्या वस्तू लिहितो, कारण त्या कोणाच्या याबद्दल तरी वाद नाही.

सागवानी घडीचा फळा, चार फूट बाय तीन. घडीची बारा स्टुले. अकरा एकसारखी, एक अर्धा इंच बुटके, कारण ते पहिले. पुण्याच्या घरातले कपाट, एकही खिळा न मारता जोडलेले. बीच लाकडाची पेटी, आत सात कप्पे, आणि त्यांत मी लिहिलेली कार्डे. एकूण केली तीनशे पासष्ट. आज पेटीत तीनशे पाच आहेत. साठ कुठे गेली ते पुढे येईल.

कलम १. धंदा व ओळख. माझ्या लेबर कार्डावर आजही ‘कारपेंटर’ आहे. १९७७ साली त्याच व्हिसावर आलो तेव्हा ते खरे होते. आता एकशे चाळीस माणसांच्या इंटिरिअर कंपनीचा जनरल मॅनेजर आहे, पण कार्डावर मॅनेजर व्हायला डिग्री लागते, तिच्यावर शिक्के लागतात, आणि माझी आठवीपुढे शाळा नाही. एकदा इन्स्पेक्टर वर्कशॉपवर आला. ‘मॅनेजर किधर है?’ मी रंधा हातात घेऊन म्हटले, ‘बाहर गया, साब. मैं कारपेंटर.’ आमचे मालक तय्यबशेठ आतल्या केबिनमध्ये तोंडाला रुमाल लावून बसले होते.

ताळेबंद वाचायला मी जुन्या ऑडिट फायलींवरून शिकलो. इंग्रजी पत्र लिहायला रद्दीतल्या टेलेक्सवरून. माणसे सांभाळायला कोणत्याच कागदावरून नाही. जे शिकलो ते १९९१ पासून दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी नऊ ते साडेअकरा माझ्या हॉलमध्ये फुकट शिकवले. फोरमन, स्टोअरकीपर, टाइमकीपर. ज्याला उद्या दहा माणसांवर साहेब व्हायचे आहे आणि ते कसे व्हायचे हे कोणी सांगत नाही, अशांना. एक कार्ड उचलायचे. पुढच्या बाजूला खरा घडलेला प्रसंग, मागची बाजू कोरी. नमुना, कार्ड १७: ‘दोन फोरमन एकमेकांशी बोलत नाहीत. हॉटेलचे काम. नऊ दिवस उरले. काय कराल?’ उत्तर मी कधी लिहून ठेवले नाही. ज्याचे उत्तर त्याने मागे लिहायचे, खाली तारीख घालायची.

एकशे बारा जण शिकून गेले. गेले म्हणजे गेलेच. प्रमोशन झाले की माणसाला शुक्रवार पुरत नाही. गेले वर्षभर दोन जण येतात, कधी एकच. स्टुले मी बाराच मांडतो.

तेव्हा या मृत्युपत्रातला खरा प्रश्न घराचा नाही. पेटी कोणाकडे जावी, हा आहे. चुकीच्या हाती गेली तर शुक्रवार बंद पडेल, आणि मी दुसरे काही उभे केलेले नाही.

कलम २. घर व शिल्लक. कर्वेनगरचा फ्लॅट आणि दोन्ही बँकांतली सर्व शिल्लक माझी मुलगी चि. रुचा हिला, बिनशर्त. तिची आई, माझी पत्नी कै. सविता, १९९४ साली रुचाच्या शाळेसाठी तिला घेऊन पुण्यास गेली आणि २००१ साली वारली. शेवटच्या चार दिवसांत मी पोचलो होतो. रुचा आता एकवीस वर्षांची आहे. शुक्रवारी दुपारी फोन करतो. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. ‘जेवलीस?’ ‘येस, बाबा.’ ‘अभ्यास?’ ‘फाइन, बाबा.’ फोन कार्डातली मिनिटे उरतात. रुचा, कपाटाचे दार पावसाळ्यात घट्ट होते. ते तासू नकोस. ऑक्टोबरात आपोआप सुटते.

माझा देह पुण्याला नेऊ नये. इथे सोय आहे.

कलम ३. हत्यारे. पटाश्यांचा संच, दोन रंधे, गुण्या आणि वडिलांचा तासायचा वाकस, हे सर्व आमच्या कंपनीचा फोरमन रुपेश यास. याला कारण आहे. १९९८ साली खोर फक्कानच्या हॉटेलला आम्ही चौसष्ट दारे पाठवली आणि चौसष्टही उलट्या हाताची निघाली. डावीकडे उघडायची ती उजवीकडे. ड्रॉइंग तेव्हा नुकती कॉम्प्युटरवरून यायला लागली होती, आणि दाराची खूण कशी वाचायची हे मी माझ्या जुन्या पद्धतीने ठरवून दिले होते. रुपेश दोनदा केबिनपर्यंत आला. पहिल्यांदा म्हणाला, ‘मेस्त्रीसाहेब, एकदा कन्सल्टंटला फोन लावूया का?’ मी म्हटले, ‘मी दारे करत होतो तेव्हा तुझा कन्सल्टंट पाळण्यात होता.’ दुसऱ्यांदा तो दारातूनच परत गेला. दारे परत आली तेव्हा मी त्याला सगळ्या वर्कशॉपसमोर बोललो. तो अजून मला साहेबच म्हणतो. हत्यारे देताना त्याला सांगावे की चूक माझी होती. मी तोंडी सांगायचा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा चहा मागवून मोकळा झालो.

कलम ४. श्रीनाथ. हा माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी. टाइमकीपर म्हणून आला, पाच वर्षांत एका ट्रेडिंग कंपनीचा ऑपरेशन्स हेड झाला. १९९९ साली ‘दोन दिवसांत देतो, सर’ म्हणून साठ कार्डे घेऊन गेला. पुढे दुबईच्याच देरा भागातल्या एका हॉटेलात त्याने लीडरशिप वर्कशॉप सुरू केले. दोन दिवस, जेवणासकट, शेवटी सर्टिफिकेट. माझी कार्डे चकचकीत कागदावर छापलेली, आणि मागे, कोऱ्या बाजूला, उत्तरे.

मी त्याला घरी बोलावले. तो आला, बुटक्या स्टुलावर बसला.

‘सर, लोकांना कागद लागतो. तुमच्याकडे सगळं मिळतं, कागद तेवढा मिळत नाही.’

‘भिंतीला लावायचं असेल तर कॅलेंडर घे म्हणावं.’

‘असं नसतं, सर. मी स्वतः दर वर्षी कुठे ना कुठे जाऊन बसतो. मागच्या वर्षी सिंगापूर. नवं काय चाललंय ते कळायला नको?’ मग म्हणाला, ‘तुम्ही कधी कुणाच्या क्लासला बसलात?’

मी म्हटले, ‘खलास. ऊठ.’

दिवाळीला त्याने मिठाईचा डबा पाठवला, तो मी वॉचमनकडून परत पाठवला. पुढच्या दिवाळीला परत पाठवला. त्यानंतर आला नाही. ती साठ कार्डे श्रीनाथची समजावीत. त्याच्यावर कोणी दावा करू नये. छापलेली उत्तरे मात्र खोडावीत, ही विनंती. हुकूम करण्याचा हक्क मला उरलेला नाही.

कलम ५. पेटी, फळा, स्टुले. हे सर्व श्रीमती अनुराधा यांना. अनुराधाबाई आमच्याकडे रिसेप्शनिस्ट होत्या, आज खरेदी विभाग पाहतात. गेल्या वर्षी शुक्रवारी त्यांनी कार्ड ८८ उचलले. त्यावर चौसष्ट दारांची गोष्ट आहे, नावे बदलून, आणि प्रश्न: ‘चूक कोणाची?’ आजवर एकोणतीस जणांनी फोरमनची लिहिली, सहा जणांनी ड्रॉइंगवाल्याची. अनुराधाबाईंनी वाचले आणि म्हणाल्या, ‘ज्याने विचारू दिलं नाही त्याची. त्यात लिहायचं काय, सर?’ मी चहा ठेवायला आत गेलो.

गेल्या महिन्यात छातीत दुखून मी दोन रात्री दवाखान्यात काढल्या. फॉर्मवर ‘दुबईतील जवळची व्यक्ती’ असा रकाना होता. सव्वीस वर्षांनंतर मी तिथे ऑफिसचा नंबर लिहिला. फोन अनुराधाबाईंनी उचलला. त्या येऊन बसल्या आणि तासाभराने म्हणाल्या, ‘सर, या शुक्रवारी कोणतं कार्ड?’

पेटी देण्यास एकच अट. बाईंनी दर वर्षी निदान एकदा दुसऱ्याच्या क्लासला विद्यार्थी म्हणून बसावे. पहिल्या रांगेत. वही न्यावी, प्रश्न विचारावा. ज्या वर्षी बसणार नाहीत त्या वर्षी शुक्रवारी शिकवू नये.

कलम ६. साक्षीदार. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला राहायचे नसते, असे सरकारी अर्ज टाइप करून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये कळले. म्हणजे मला सही करताना पाहतील अशी, मी काहीच देत नसलेली दोन माणसे हवी होती. वही काढून नावे पाहिली. बहुतेक नंबर बंद. शेवटी आमच्या इमारतीचा वॉचमन हमदुल्ला आणि टायपिंग सेंटरच्या हमीदाबाई तयार झाल्या. हमदुल्लाने विचारले, ‘साब, बीमार हो क्या?’ मी म्हटले, ‘नहीं. कागज पूरा करना है.’ तो म्हणाला, ‘फिर ठीक है. इन्शाल्ला काम नहीं आएगा.’

कलम ७. कलम पाचमधील अटीचे कारण. हे रुचाने वाचावे म्हणून लिहितो. तुझ्या आईला हे मी सांगितले नाही.

सप्टेंबर १९९६. तय्यबशेठनी देराच्या ऑफिसात बोलावून पुढे एक फॉर्म ठेवला. ‘जगन्नाथ, एक साल पढ़ के आओ. बीवी-बच्ची के पास भी रहोगे.’ मी पेन काढले. नाव लिहिले, जन्मतारीख लिहिली. तिसरा रकाना शैक्षणिक पात्रतेचा होता. तिथे काही लिहिले नाही. तिशीतल्या पोरांच्या शेजारी बाकावर बसून, मास्तरने विचारले आणि मला आले नाही तर, एवढेच डोक्यात होते. शेठना म्हटले, ‘मुझे क्या सिखाएँगे?’ घरी फोन करून सांगितले, पुण्याला यायला कंपनी सोडत नाही. तू तेव्हा चौदा वर्षांची होतीस. मागून तुझा आवाज आला, ‘आस्क देम अगेन, बाबा.’ मी म्हटले, विचारले.

विचारायचे काही नव्हते. ऑफर अशी होती: अनुभवी व्यवस्थापकांसाठी एक वर्षाचा कोर्स, पुण्यात, आपल्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर, वर्षभर पूर्ण पगार चालू, आणि फी, पुस्तके, जाण्यायेण्याचे तिकीट मिळून कंपनीकडून बेचाळीस हजार दिरहम. त्या दिवशीचा भाव नऊ रुपये बहात्तर पैसे. चार लाख आठ हजार दोनशे चाळीस रुपये. मी नको म्हटले.

जगन्नाथ सदाशिव मेस्त्री (सही)

आमच्यादेखत सही केली, त्यांच्यादेखत आम्ही केल्या:
१. हमदुल्ला, वॉचमन (सही)
२. हमीदा, टायपिस्ट (सही)

करामा, दुबई. शनिवार, १७ जानेवारी २००४.