एका नळीवरची घरं

१३ ऑक्टोबर

शी! तीनदा साबण लावला तरी हाताचा वास जात नाही. घरं तापवणाऱ्या रेडिएटरमधून निघतं ते पाणी नव्हेच — काळा गाळ, सडक्या अंड्यासारखा. शर्टावर उडाला, एक थेंब ओठावरही. दिवसभर थुंकत होतो.

आणि रेडिएटरच्या मागे काय काय! मांजराचे केस, हेरिंग माशाची वाळलेली शेपटी. एका घरात दातांची कवळी. म्हातारीने पदराला पुसली — म्हणजे एप्रनला — "अरे देवा, सापडली की!" आणि घातली तोंडात. तिने मला दिलेलं सूप तिथेच राहिलं.

१४ ऑक्टोबर

काम तसं अवघड नाही. या जुन्या इमारतीत वरून एकच नळी उतरते, ती प्रत्येक घरच्या रेडिएटरमधून खाली-खाली जाते. आम्ही थर्मोस्टॅटचे व्हॉल्व्ह बसवतो. आकड्यांची पांढरी टोपी फिरवली की खोली हवी तेवढीच गरम. मात्र शेजारून एक बगलनळी लागतेच. ती असली की एकाने व्हॉल्व्ह बंद केला तरी पाणी बगलेने पुढे जातं. नसली तर खालची सगळी घरं थंड! एवढं मला रिमविदासने पहिल्याच दिवशी सांगितलं. रिमविदास म्हणजे माझा मुकादम. शिकवतो बरा, घोरतो वाईट.

आज चौथ्या मजल्यावरच्या वाइदोतास काकांकडची मागची खोली त्याने एकट्याने केली. "तू जिन्यात थांब." बाहेर आला तो जॅकेटचे खिसे सफरचंदांनी टम्म. मला एक दिलं. किडकं!

१९ ऑक्टोबर

आज गरम पाणी सोडलं. नळ्या कडाकडा वाजल्या, जिन्यात टाळ्या.

इथलं संपलं की क्लाइपेदाला जाईन म्हणतो. बंदरात जहाजं रंगवायला माणसं लागतात. या पानेवेझिस गावाला समुद्र का नाही? असता तर राहिलो असतो. नसतो राहिलो.

२७ ऑक्टोबर

तळमजल्यावरच्या गिंतारेची तक्रार. मागची एवढीशी खोली भाड्याने घेऊन राहते, सोबत पाच महिन्यांची मुलगी. रेडिएटर बर्फ. बाळ लोकरीच्या टोपीत, दुलईत, आणि खोकतंय. खोकला ऐकून माझीच छाती दुखली.

"तुमचा नवा व्हॉल्व्ह बिघडलाय," ती म्हणाली.

टोपी काढून पाहिली. व्हॉल्व्ह ठणठणीत. वरून येणारी नळीच गार! मधल्या मजल्यांवरची माणसं नॉर्वेला मासे कापायला गेलीत, पण जाताना किल्ल्या ठेवून गेलीत. तिन्ही घरं उघडून पाहिली — तिथेही नळी गार. पाचव्यावर, छतातून नळी उतरते तिथे, हात लावला तर चटका बसला. उरला चौथा.

वाइदोतास काकांनी दार बोटभर उघडलं. "मागच्या खोलीत कोणी जायचं नाही. दार उघडलं की ऊब शिरते."

ऊब शिरते! या माणसाला ऊब नको!

२८ ऑक्टोबर

रिमविदासला गाठलं. तिथे बगलनळी आहे ना?

"नाहीये. त्याने मागेच कापून टाकलीय. जास्त ऊब मिळावी म्हणून अर्ध्या गावाने कापल्यात."

"आणि तू तसाच व्हॉल्व्ह बसवलास?"

"मग काय, भिंत फोडत बसू? तो म्हणाला, मी बंद करणार नाही. विषय संपला."

खिसाभर सफरचंदांना विकला गेला. त्याच्या ताटातला बटाट्याचा कुगेलिस पाहूनसुद्धा किळस आली. मी खाल्ला तरी, भूक लागली होती. पण किळस आली.

३ नोव्हेंबर

बाहेर उणे सहा. गिंतारेने विजेची शेगडी लावली तर फ्यूज उडाला. बाळाला डॉक्टरकडे नेऊन आणलं. छातीत कफ, खोली गरम ठेवा म्हणाले. कशाने ठेवणार?

सरळ चौथ्यावर गेलो आणि पाय दारात घातला. काका बाजूला झाले, अडवलं नाही.

मागची खोली! खिडकीपासून पलंगापर्यंत सफरचंदांच्या पेट्या, मध्ये कागद, वर पोती. व्हॉल्व्ह शून्यावर. खोलीचं गार तळघर केलंय म्हाताऱ्याने! आणि वास — गोड, आंबूस. एरवी आवडला असता. आज नाकावर बाही धरली.

"बंद करणार नाही म्हणाला होतात!"

"तेव्हा करणार नव्हतो," काका म्हणाले.

मग माझं तोंड सुटलं. खाली एक लेकरू गारठतंय आणि तुम्ही फळं जपताय! लाज नाही? मेल्यावर पेट्या छातीवर घेऊन जाणार आहात? अजून बरंच. आई-बापावरून नाही, पण जवळपास. उंबऱ्यावर थुंकलोसुद्धा.

काकांचा चेहरा पांढरा पडला. "खाली पाणी जात नाही? याच्यामुळे?" एवढंच विचारलं. मग वाकून टोपी फिरवली, पाचावर. नळीत गुळगुळ झालं. मग चष्मा पुसत बसले.

असल्या माणसांच्या घरात शिरायचं म्हणजे गाळात हात घालण्यासारखंच.

४ नोव्हेंबर

सकाळीच बगलनळी बसवायला वर गेलो. रिमविदास आला नाही. वाइदोतास काकांनी खोली निम्मी रिकामी केली होती, पेट्या जिन्यात. माझ्यासाठी कॉफी ठेवली होती. मी प्यायलो नाही. नळी जोडली, निघालो. एक शब्द बोललो नाही त्यांच्याशी.

संध्याकाळी

गिंतारेकडे गेलो. खोली ऊबदार, बाळ उघडंच लोळतंय, खोकला कमी. ती हसली, आणि मग हळूच म्हणाली, "काकांच्या खोलीत ऊब सोडली वाटतं? जिन्यात पेट्या दिसल्या. आता नासणार. सगळ्या माझ्याच आहेत हो, आईच्या बागेतल्या. या एवढ्याशा खोलीत कुठे ठेवू? मीच काकांच्या मागे लागले होते — तुमच्याकडे नवा व्हॉल्व्ह आहे, करा ना खोली गार."

"त्यांनी सांगितलं नाही तुला? काल काय झालं ते?" मी विचारलं.

"नाही. का? काय झालं?"